डॅलसचा कला-परिसर: इमारती आधी, रस्ता नंतर

टेक्सस राज्यातील डॅलस शहराच्या डाउनटाउनमध्ये, ईशान्येच्या कोपऱ्यात, जवळपास वीस ब्लॉकमध्ये कलासंग्रहालय, शिल्पसंग्रहालय, सिम्फनीचे (पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे) सभागृह, ऑपेरागृह, नाट्यगृह आणि कलांचे सरकारी हायस्कूल शेजारी-शेजारी उभे आहे. फ्लोरा स्ट्रीट नावाचा एकच अरुंद रस्ता यांतल्या बहुतेकांना जोडतो. आय. एम. पेई, रेन्झो पियानो, नॉर्मन फॉस्टर आणि रेम कूलहास अशा, वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळालेल्या चार वास्तुकारांची कामे इथे काही मिनिटांच्या चालीत बघता येतात. तरीही पहिली इमारत उघडल्यानंतर जवळजवळ तीन दशके फ्लोरा स्ट्रीटवर दिवसा फारसे कोणी फिरकत नसे. पैसा होता, वास्तुकार होते, कलासंग्रहही होता. मग अडले कुठे, आणि पुढे काय केल्यावर माणसे येऊ लागली, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

जागा कशी ठरली

१९७०च्या सुमारास डॅलसची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती आणि उपनगरे झपाट्याने वाढत होती. कलासंग्रहालय १९३६ पासून फेअर पार्कमध्ये होते. टेक्ससच्या शताब्दी प्रदर्शनासाठी उभारलेले हे मैदान डाउनटाउनच्या पूर्वेला आहे. सिम्फनीचे कार्यक्रमही तिथल्याच मोठ्या म्युझिक हॉलमध्ये होत. फिरत्या संगीतिकांसाठी तो हॉल ठीक होता, वाद्यवृंदाला मात्र फार मोठा आणि ध्वनीच्या दृष्टीने कोरडा. संग्रहालयाला वाढायला जागा उरली नव्हती. प्रत्येक संस्था स्वतंत्रपणे नवी जागा शोधू लागली होती.

१९७७ मध्ये शहराने नगररचनाकार केव्हिन लिंच आणि स्टीफन कार यांच्या बोस्टनच्या कार्यालयाकडून सल्ला घेतला. संस्था विखरू देऊ नका, डाउनटाउनच्या ईशान्य कोपऱ्यात एकत्र आणा, असे त्यांनी सांगितले. तिथे जमीन स्वस्त होती. जुनी गोदामे, गॅरेज आणि पार्किंगच्या मोकळ्या जागा होत्या, आणि ऑफिसचे मनोरे त्याच दिशेने सरकत होते.

पहिली ठोकर लगेच बसली. १९७८ मध्ये कला-वास्तूंसाठी साडेचार कोटी डॉलरचे रोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे गेला आणि पडला. डॅलसमध्ये अशा मोठ्या कामांसाठी महापालिका रोखे काढते, त्यांची फेड मालमत्ता करातून होते, म्हणून मतदारांची मंजुरी लागते. एकाच गठ्ठ्यात अनेक वास्तू मागितल्या की प्रत्येक वास्तूचे विरोधक एकत्र येतात. पुढच्या वर्षी मागणी कापून संग्रहालयापुरती आणि सुमारे अडीच कोटींची केली. उरलेला वाटा खासगी देणग्यांतून येईल हे आधी दाखवून दिले. प्रस्ताव मंजूर झाला. संगीत सभागृहाचे रोखे १९८२ मध्ये वेगळे मंजूर झाले. एका वेळी एक वास्तू, आणि मतदानापूर्वी देणगीदारांची लेखी बांधिलकी, हा क्रम डॅलसने इथून पुढे सोडला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही जागा रिकामी नव्हती. १९२२ मध्ये इथे बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उघडले, आणि डॅलसमधल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी दीर्घ काळ तेच मुख्य हायस्कूल होते. शेजारचे सेंट पॉल चर्च गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी उभारलेल्या मंडळीचे. त्यांची आजूबाजूची वस्ती सेंट्रल एक्स्प्रेसवे आणि वुडॉल रॉजर्स फ्रीवे या दोन रस्त्यांनी आणि नंतरच्या जमीनखरेदीने संपली. शाळा १९७६ मध्ये कलांचे विशेष हायस्कूल झाली म्हणून टिकली. नोरा जोन्स, एरिका बाडू आणि रॉय हारग्रोव्ह हे नामवंत संगीत कलाकार तिथलेच विद्यार्थी. २००८ मध्ये ब्रॅड क्लोपफिल यांच्या कार्यालयाने शाळेला मोठी नवी इमारत जोडली. या परिसरात रोज सकाळी ठरल्या वेळी शेकडो तरुण कलाकार येतात ते या शाळेमुळे. तिकीट न काढता येणारी आणि दररोज येणारी माणसे दुसऱ्या कोणत्याही संस्थेने आणलेली नाहीत. शाळेसारख्या संस्थेला आराखड्याच्या मध्यभागी जागा द्यायला हवी, ती कडेला उरलेली गोष्ट मानू नये.

१९८३चा आराखडा आणि ओस रस्ता

सासाकी या नगररचना कार्यालयाने फ्लोरा स्ट्रीटचा आराखडा केला आणि १९८३ मध्ये शहराने त्यावर आधारित स्वतंत्र झोनिंग नियम, म्हणजे कोणत्या प्लॉटवर काय आणि कसे बांधता येईल याचे नियम, लागू केले. कागदावर आराखडा चांगला होता. दुतर्फा झाडांच्या ओळी, रुंद पदपथ, तळमजल्यावर दुकाने आणि उपाहारगृहे, रस्त्यालगत कमी उंची आणि वरचे मजले मागे सरकलेले. रस्त्याचे तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळा स्वभाव दिला होता.

संग्रहालय जानेवारी १९८४ मध्ये उघडले. वास्तुकार एडवर्ड लाराबी बार्न्स. चुनखडीच्या दगडाच्या लांब भिंती आणि मधोमध मोठी कमानदार दालनाची जागा. मेयरसन सिम्फनी सेंटर सप्टेंबर १९८९ मध्ये उघडले. तिथले वास्तुकार पेई आणि ध्वनितज्ज्ञ रसेल जॉन्सन. सभागृहात २,०६२ खुर्च्या. जड काँक्रीटच्या दारांमागे पोकळ कक्ष आहेत. दारे उघडली की नाद लांबतो, मिटली की आखडतो. रंगमंचावर लटकणारे भले मोठे छत वर-खाली करून आवाज जवळ किंवा लांब ठेवता येतो. उद्योगपती रॉस पेरो यांनी एक कोटी डॉलर दिले आणि स्वतःऐवजी सभागृहाच्या समितीचे नेतृत्व केलेल्या मॉर्टन मेयरसन यांचे नाव लावायला सांगितले. वाद्यवृंदाच्या सभागृहांमध्ये आजही याचा ध्वनी फार वरच्या दर्जाचा मानला जातो.

मग रस्ता ओस का राहिला? याचे पहिले कारण इमारतींच्या रस्त्याकडच्या बाजूचे. संग्रहालयाला आत प्रकाश नको असतो. कागदावरच्या चित्रांना आणि वस्त्रांना ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप), तैलचित्रांना साधारण २०० लक्स, त्यापेक्षा जास्त नको. म्हणून खिडक्या नाहीत. सभागृहाला बाहेरचा आवाज नको, म्हणून जाड भिंत. ट्रक मागे घ्यायला मोकळे आवार हवे, आणि अमेरिकन ट्रेलर एकटाच १६ मीटर लांब असतो, म्हणून आणखी एक बाजू फाटकात जाते. चार बाजूंपैकी दोन कोऱ्या आणि एक मालवाहतुकीची. उरलेल्या एका बाजूवर दार आणि पायऱ्या. अशा दोन संस्था समोरासमोर आल्या की शंभर-दीडशे मीटर चालताना थांबण्यासारखे काहीच लागत नाही.

दुसरे कारण वेळेचे. संग्रहालय संध्याकाळी पाचला मिटते, मैफल साडेसातला सुरू होते. मधल्या अडीच तासांत तिथे काहीच उघडे नसेल तर माणूस घरी जातो, किंवा सरळ मैफलीच्या वेळेला येतो. तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टने थेट वर दालनात जाता येते, म्हणून फ्लोरा स्ट्रीटवर पाय न टेकवता अख्खी संध्याकाळ पार पडते. ऑफिसची माणसे दुपारी जेवायला डाउनटाउनखालच्या बोगद्यांच्या जाळ्यात उतरतात, कारण उन्हाळ्यात बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असते.

तिसरे कारण बाजाराचे. तेलाचे भाव कोसळले, टेक्ससमधल्या बचत-कर्ज बँका बुडाल्या, आणि ज्या मनोऱ्यांच्या तळमजल्यांवर दुकाने येणार होती ते मनोरे बांधलेच गेले नाहीत. झोनिंगचा नियम दुकानाची जागा ठेवायला भाग पाडू शकतो, दुकानदार आणू शकत नाही. जवळपास पंधरा वर्षे संस्थांच्या मधल्या प्लॉटवर गाड्या लागत राहिल्या.

शिल्पसंग्रहालय आणि शेजारचा मनोरा

नॉर्थपार्क मॉलचे मालक रेमंड नॅशर आणि त्यांच्या पत्नी पॅट्सी यांनी आधुनिक शिल्पांचा मोठा संग्रह जमवला होता. अनेक शहरांच्या संग्रहालयांचा त्यावर डोळा होता. शेवटी नॅशर यांनी स्वतःच्या प्रतिष्ठानच्या सुमारे सात कोटी डॉलरमधून कलासंग्रहालयाच्या समोर, २.४ एकरांवर स्वतंत्र केंद्र बांधले. वास्तुकार रेन्झो पियानो, बागेचा आराखडा पीटर वॉकर यांचा. ते ऑक्टोबर २००३ मध्ये उघडले.

या इमारतीचे मर्म छपरात आहे. समांतर दगडी भिंतींवर काचेचे वक्र छत, आणि त्यावर ओतीव ॲल्युमिनियमची जाळी. जाळीतले प्रत्येक छिद्र शिंपल्यासारखे तिरके आहे आणि त्याचे तोंड बरोबर उत्तरेकडे. डॅलस सुमारे ३२.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे २१ जूनच्या मध्यान्हीलाही सूर्य दक्षिणेकडेच, क्षितिजापासून सुमारे ८० अंशांवर असतो, आणि डिसेंबरमध्ये ३४ अंशांवर. उत्तरेकडून थेट ऊन भर दिवसा येऊच शकत नाही. म्हणून पडदे नकोत, मोटर नकोत, दिवसभर सावलीशिवायचा मऊ उजेड खाली उतरतो. शिल्प पाहायला याहून चांगला उजेड नाही.

या सगळ्या गणितात एक गृहीत होते, ते म्हणजे उत्तरेला आकाशच राहील. २०१२ च्या सुमारास शेजारच्या प्लॉटवर म्युझियम टॉवर हा ४२ मजली, वक्र आणि चकाकत्या काचेचा निवासी मनोरा उभा राहिला. सुमारे २० कोटी डॉलरचा हा प्रकल्प डॅलसच्या पोलीस आणि अग्निशमन दलाच्या निवृत्तिवेतन निधीने पैसे घालून केला होता. दक्षिणेकडचे ऊन काचेवर आपटून परत फिरले आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या छिद्रांतून नेमके आत शिरले. भिंतींवर ठिपक्यांची नक्षी उमटू लागली, बागेतले गवत करपले, संवेदनशील कलाकृती हलवाव्या लागल्या. उजेड आणि आकाश यांतून कलाकृती घडवणारे कलाकार जेम्स टरेल यांची बागेतली खोली तर वरच्या चौकोनी उघड्या छतातून फक्त आकाश दिसावे म्हणून बनवली होती. त्या चौकोनात मनोरा दिसू लागला आणि कलाकाराने ती कलाकृती नष्ट झाल्याचे जाहीर केले. तिचे दार बंद करावे लागले.

मनोऱ्याच्या बाजूने सुचवले गेले की संग्रहालयाने छपराची जाळी बदलावी. संग्रहालयाचे म्हणणे, बाहेरच्या काचेवर पट्ट्या बसवा. मध्यस्थ नेमले गेले, पण तोडगा निघाला नाही. पहिला उपाय अजिबात मान्य होण्यासारखा नव्हता, असे आमचे मत आहे. उत्तरेकडचा उजेड टिपण्यासाठी जी इमारत बांधली, तिची जाळी बदलणे म्हणजे ती इमारतच बदलणे. पण दुसरीकडे पैसा पोलिसांच्या आणि अग्निशामकांच्या म्हातारपणाचा होता, आणि सदनिका विकायच्या होत्या. काचेवर पट्ट्या म्हणजे दृश्य गेले, दृश्य गेले म्हणजे दर पडला. दोघांकडेही गमावण्यासारखे खरे काही होते आणि त्या प्लॉटच्या झोनिंगमध्ये काचेच्या परावर्तनावर मर्यादा नव्हती. वाद कायद्याने सोडवायला धागाच नव्हता.

ही अडचण टाळायला फार काही लागले नसते. ज्या दिवशी नैसर्गिक उजेडावरचे संग्रहालय मंजूर होते, त्याच दिवशी भोवतालच्या प्लॉटवर तीन अटी चढवायच्या. बाहेरच्या काचेचे परावर्तन १५ टक्क्यांच्या आत. अंतर्वक्र दर्शनी भाग नको, कारण तो ऊन एका जागी गोळा करतो, आणि बहिर्वक्र असेल तर कवडसा दिवसभर कुठून कुठे सरकतो याचा नकाशा द्यायचा. आणि आराखड्यासोबत २१ मार्च, २१ जून व २१ डिसेंबर या तीन दिवसांचा तासागणिक परावर्तन-अभ्यास. संगणकावर हे काम काही दिवसांचे आहे. काच बसल्यावर त्याची किंमत कोटींत जाते. संग्रहालयाच्या हद्दीबाहेरचे आकाशसुद्धा त्याच्या यंत्रणेचा भाग असते, हे मंजुरीच्या कागदावर लिहिलेले हवे.

२००९ची नाट्यगृहे आणि कर्जाचे ओझे

ऑक्टोबर २००९ मध्ये सादरीकरण-कलांचे नवे केंद्र उघडले, त्याला एटी अँड टी कंपनीचे नाव मिळाले. दोन मुख्य वास्तू. फॉस्टर यांच्या कार्यालयाचे विन्स्पिअर ऑपेरागृह, सुमारे २,२०० खुर्च्या, लाल काचेचा गोल ढोल आणि भोवती सावली देणारे विस्तीर्ण पट्टीदार छत. दुसरे कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रेमस यांचे वायली थिएटर, सुमारे पावणेसहाशे खुर्च्या. त्यात स्वागतकक्ष प्रेक्षागृहाच्या खाली आणि रंगपट, तालमीच्या खोल्या, कार्यालये वर रचली आहेत, म्हणून रंगमंच चारही बाजूंनी मोकळा राहतो आणि खुर्च्यांचे संच उचलून मांडणी बदलता येते. नाटकवाल्यांना हे फार हवेसे वाटते. पण मांडणी बदलण्यासाठी तंत्रज्ञांचे तास मोजून द्यावे लागतात, आणि त्या काळात तिकीट विकता येत नाही. असा बदल वर्षात किती वेळा परवडेल ते आधी ठरवून मगच यंत्रणेवर खर्च करावा.

एकूण खर्च सुमारे ३५ कोटी ४० लाख डॉलर. त्यातला फारच थोडा वाटा शहराचा, बाकी सगळा देणग्यांचा. दहा लाख डॉलर किंवा त्याहून अधिक देणारे १३० पेक्षा जास्त देणगीदार मिळाले. विन्स्पिअर कुटुंबाने ४ कोटी २० लाख, वायली कुटुंबाने २ कोटी. एका शहराने कलेसाठी इतक्या घरांतून इतका पैसा उभा करणे ही मोठी गोष्ट आहे, आणि डॅलसला तिचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे.

अडचण त्या पैशाच्या वेळापत्रकात होती. मोठी देणगी कबूल होते त्या दिवशी हातात येत नाही. ती पाच ते दहा वर्षांच्या हप्त्यांत येते. ठेकेदाराचे बिल मात्र दर महिन्याला भरावे लागते. मधली फट भरायला केंद्राने रोख्यांवर कर्ज काढले. मग २००८ची मंदी आली. नव्या देणग्या आटल्या. आणि मूळ मोहिमेत इमारत बांधण्यावर भर होता, पुढची पन्नास वर्षे ती चालवण्याच्या कायम ठेवीवर नव्हता. उद्घाटनानंतर काही वर्षांनीही सुमारे १५ कोटी डॉलरचे कर्ज डोक्यावर होते. कार्यक्रमांतून आलेला पैसा कार्यक्रम करण्याऐवजी व्याजात जाऊ लागला. २०१६ मध्ये शहराने दहा वर्षांत मिळून दीड कोटी डॉलर द्यायचे ठरवले, कर्ज देणाऱ्या बँकांनीही काही भाग सोडला, तेव्हा कुठे केंद्राला श्वास घेता आला.

हिशेब साधा आहे, पण निधी-मोहिमेच्या भरात तो मागे पडतो. कायम ठेवीतून दरवर्षी साडेचार टक्के काढणे सुरक्षित धरतात. म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलर चालू खर्चासाठी हवे असतील तर सुमारे २ कोटी २० लाखांची ठेव लागते. ऑपेरागृहाची वातानुकूलन यंत्रणा, लिफ्ट, रंगमंचावरचे दोरखंड आणि चरख्या, सुरक्षारक्षक, विमा, साफसफाई हे सगळे खेळ असो वा नसो चालूच राहते. वीस-पंचवीस वर्षांनी थंडाव्याची यंत्रे, छप्पर, दिव्यांचे नियंत्रण आणि रंगमंचाची यंत्रे जवळजवळ एकाच वेळी बदलायला येतात. दरवर्षी बांधकाम-मूल्याच्या निदान दोन टक्के दुरुस्तीसाठी बाजूला पडले पाहिजेत. कोनशिलेच्या नावासाठी देणगी मिळते, पण थंडाव्याच्या यंत्राला कोणी नाव देत नाही. म्हणून प्रत्येक नावाच्या देणगीतला ठरावीक हिस्सा, पाचवा भाग म्हणू, देणगीपत्रातच ठेवीसाठी राखून घ्यायचा. देणगीदार सही करताना हे सहज मान्य करतो, नंतर मागायला गेले की तोच माणूस नाराज होतो.

दुसरी उणीव आकाराची होती. २,२०० खुर्च्यांच्या सभागृहात चारशे प्रेक्षकांची स्थानिक नृत्यसंस्था उभी केली तर घर रिकामे दिसते आणि भाड्याने संस्था बुडते. डॅलसमध्ये अशा छोट्या आणि मध्यम संस्थाच जास्त. त्यांच्यासाठी शहराने स्वतःच्या रोख्यांतून ७५० खुर्च्यांचे सभागृह बांधले, ते सप्टेंबर २०१२ मध्ये उघडले. २०१७ मध्ये मूडी फाउंडेशनने २ कोटी २० लाख डॉलर दिले आणि सभागृहाला तिचे नाव मिळाले. त्यातले एक कोटी छोट्या संस्थांना अनुदान देणाऱ्या कायम निधीत गेले. या परिसरात पडलेल्या पैशांतला सर्वांत नेमका पैसा हाच, असे आम्हाला वाटते. भाडे परवडायला लागले की शहरातल्या वस्त्यांतली पथके डाउनटाउनच्या रंगमंचावर येतात, आणि त्यांच्यामागे त्यांचा प्रेक्षक येतो. हे सभागृह यादीत शेवटी आले, खरे तर ते पहिल्या दोनांत हवे होते.

फ्रीवेवरचे उद्यान

वुडॉल रॉजर्स फ्रीवे १९८३ मध्ये पूर्ण झाला. तो जमिनीच्या पातळीखाली खणलेल्या खंदकात आहे, आठ लेनचा. एका बाजूला कला-परिसर, दुसऱ्या बाजूला अपटाउन, जिथे १९९० नंतर हजारो लोक राहायला आले. मधले अंतर काही पावलांचे, पण पुलावरून उन्हात आणि गाड्यांच्या गोंगाटात ओलांडायला कोणी तयार नसे. संग्रहालयाला राहता प्रेक्षक हवा होता आणि तो खंदकापलीकडे होता.

खंदकावर छत घालून बाग करायची कल्पना जुनी होती. २००९ ते २०१२ मध्ये ती झाली. क्लाइड वॉरन पार्क २७ ऑक्टोबर २०१२ रोजी उघडले. आकार ५.२ एकर, खर्च सुमारे ११ कोटी डॉलर. पैशांची बेरीज पाहण्यासारखी आहे. शहराच्या रोख्यांतून दोन कोटी, राज्याच्या महामार्ग निधीतून दोन कोटी, मंदीनंतरच्या केंद्रीय प्रोत्साहन निधीतून १ कोटी ६७ लाख, आणि उरलेले सुमारे निम्मे देणगीदारांकडून. महामार्गाचा पैसा उद्यानाला मिळाला कारण कागदावर ते रस्त्यावरचे छत होते. योग्य खात्यातून मागणी करणे हे इथले खरे कौशल्य.

बांधणीतली मुख्य अडचण वजनाची. ओली माती घनमीटरला सुमारे १.८ टन भरते. म्हणजे एक मीटर मातीचा थर चौरस मीटरला १.८ टन, ऑफिसच्या मजल्याला धरतात त्या भाराच्या कितीतरी पट. झाडाला तर मीटरभर माती हवीच. सगळीकडे तेवढी माती टाकली तर तुळया इतक्या खोल कराव्या लागतात की खाली ट्रक जायला उंची उरत नाही. छत वर उचलले तर ते शेजारच्या रस्त्यांपेक्षा उंच होते आणि चढ चढून बागेत यावे लागते, म्हणजे मूळ हेतूच गेला. उपाय असा काढला की तीनशेहून अधिक पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा आधीच ताणून मजबूत केलेल्या) काँक्रीटच्या पेटी-तुळया गटागटाने ठेवल्या आणि दोन गटांमधल्या फटीत लादी खाली सोडली. त्या फटी म्हणजे लांबट चर झाले. मोठी झाडे त्या चरांत, आणि तुळयांवर फक्त हिरवळ व पायवाट. जिथे उंचवटा दिसायला हवा तिथे मातीऐवजी हलक्या फोमचे ठोकळे आणि वर पातळ थर. झाडांच्या ओळी कुठे येतील हे त्यामुळे तुळयांनीच ठरवले. बागेचा आराखडा करणारे आणि तुळया मोजणारे पहिल्या दिवसापासून एका टेबलावर नसते तर हे जमले नसते.

छताखाली बोगदा तयार होतो, म्हणून हवा खेळवणारे पंखे, आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा लागते. ते सगळे कायम चालू ठेवायचा खर्च आहे. पाणी झिरपणे हा दुसरा कायमचा शत्रू. झाडाची मुळे आणि ठिबकचे पाणी जलरोधक थरावर वर्षानुवर्षे काम करत राहतात, आणि गळती शोधायला वरची माती काढावी लागते. म्हणून जलरोधक थरावर पाणी साठवून चाचणी घेतल्याशिवाय माती टाकायची नाही, हा नियम अशा कामात मोडू नये.

उद्यान शहराच्या मालकीचे आहे, चालवते मात्र एक खासगी प्रतिष्ठान. उपाहारगृहाचे भाडे, कार्यक्रमांचे शुल्क, देणग्या आणि आसपासच्या मालमत्ताधारकांनी मूल्याच्या प्रमाणात स्वतःवर लावून घेतलेला जादा कर यांतून चालू खर्च भागतो. सकाळी योगवर्ग, दुपारी खाद्य-गाड्या, मुलांसाठी खेळाची जागा, पुस्तकांची मांडणी, संध्याकाळी संगीत. हलवता येतील अशा खुर्च्या आहेत, आणि माणूस सावली सरकेल तशी आपली खुर्ची सरकवतो. अमेरिकेत डाउनटाउनच्या बागेत बाळगाडी घेऊन आलेल्या घरांची गर्दी दिसणे हे त्या काळात नवल होते.

उद्यानाला लागून कलासंग्रहालयाची बाजू येते. आपल्या दारात ही गर्दी आली तेव्हा संग्रहालयाने योग्य पाऊल उचलले. २१ जानेवारी २०१३ पासून १० डॉलरचे प्रवेशशुल्क काढून टाकले. विशेष प्रदर्शनांना तिकीट राहिले. अशा संग्रहालयांत सर्वसाधारण प्रवेशाच्या तिकिटातून मिळणारा पैसा एकूण खर्चाच्या मानाने फार थोडा असतो, आणि तो गोळा करण्यासाठी काउंटर, यंत्रणा आणि माणसे लागतात. त्याच्या बदल्यात संग्रहालयाने मोफत सदस्यत्व सुरू केले. नाव आणि पिनकोड द्या, भेटींचे गुण जमवा. कोणत्या वस्तीतून कोण येते आणि कोण येतच नाही हे संग्रहालयाला त्यातून पहिल्यांदा नेमके कळले. देणगीदारांपुढे ही माहिती मांडता येते, म्हणून मोफत प्रवेश हा नुसता खर्च राहत नाही. बागेत आलेले कुटुंब स्वच्छतागृहासाठी आत आले, गार हवेत थांबले आणि एक दालन बघून गेले, तरी संग्रहालयाचे काम झाले.

मधले प्लॉट

संस्थांच्या मधल्या जागा भरायला आणखी वेळ लागला. २००७ मध्ये फ्लोरा स्ट्रीटच्या पूर्व टोकाला वन आर्ट्स प्लाझा आले. त्याच्या तळाशी उपाहारगृहे होती, आणि मैफलीआधी जेवायला परिसरात पहिल्यांदा खरी जागा मिळाली. मेयरसनच्या आसपास क्रेग हॉल यांच्या कंपनीने ऑफिस मनोरा आणि मग २०१९ मध्ये हॉटेल बांधले, तळमजल्याला टेक्ससमधल्या शिल्पकारांची कामे मांडून सर्वांना खुली ठेवली. खासगी मालकाने तळमजला असा वापरला तर झोनिंगच्या नियमाला अर्थ येतो.

२०१७ च्या सुमारास एनबीबीजे या कार्यालयाकडून जुन्या आराखड्याची दुरुस्ती करून घेण्यात आली. तिचा भर फ्लोरा स्ट्रीटवर नसून तिला छेदणाऱ्या पर्ल स्ट्रीटवर आणि समांतर रॉस ॲव्हेन्यूवर होता. हे निदान अगदी बरोबर होते. लाइट रेलचे पर्ल स्थानक काही मिनिटांवर आहे, पण तिथून येताना वेगवान गाड्यांचे अनेक लेनचे रस्ते ओलांडावे लागतात. १९८३च्या आराखड्याने एका रस्त्याची निगुतीने सजावट केली आणि तिथपर्यंत माणूस पायी कसा पोचेल हा प्रश्न तसाच ठेवला. लेन कमी करणे, ओलांडण्याचा वेळ वाढवणे, कोपऱ्यावर पदपथ पुढे काढणे, सावलीची झाडे लावणे या कामांचा खर्च एका सभागृहाच्या शतांशही नसतो, पण त्यावर कोणाचे नाव लागत नाही म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. महापालिकेने स्वतःचा पैसा सगळ्यात आधी इथे घालावा.

नोव्हेंबर २०१८ मध्ये शहराने नवे सांस्कृतिक धोरण स्वीकारले. इतक्या वर्षांचा बहुतेक पैसा एका डाउनटाउनच्या कोपऱ्यात गेला, दक्षिण डॅलसच्या वस्त्यांना त्यातले किती मिळाले, हा प्रश्न त्यात उघडपणे घेतला आहे. त्यावर एकच एक उत्तर नाही. संग्रहालय प्रत्येक वस्तीत बांधता येत नाही, पण मूडी सभागृहासारखे स्वस्त भाडे, शाळांच्या बसचा खर्च आणि छोट्या संस्थांचा निधी वस्त्यांपर्यंत पोचवता येतो.

मे २०२४ मध्ये मतदारांनी शहराचे सव्वाशे कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यात सांस्कृतिक वास्तूंसाठी ७ कोटी ५२ लाख होते. मेयरसन सभागृह आणि कलासंग्रहालय या शहराच्या मालकीच्या इमारती आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि छप्पर, पाण्याची गळती, वातानुकूलन अशी साचलेली कामे त्यांच्यापुढे आहेत. कलासंग्रहालयाने २०२३ मध्ये माद्रिदच्या निएतो सोबेहानो या वास्तुकारांची विस्तारासाठी निवड केली. या कामात दालने वाढतीलच, पण उद्यानाकडची बाजू किती उघडता येते आणि तो भाग संध्याकाळी किती वाजेपर्यंत जागा ठेवता येतो, याकडे शहरातल्या लोकांचे जास्त लक्ष आहे.